नेतृत्वाची तालीम

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमची जुनी मुले घरी भेटायला येतात. हा अनेक वर्षांचा रिवाज आहे. त्यांच्या मागोमाग कॉलेजात गेलेलीही येतात. चहा होतो, अभ्यासाची चौकशी होते आणि मग आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "वर्गात प्रश्न विचारतोस का रे?" बहुतेक जण हसून मान खाली घालतात. शाळेच्या संमेलनात धडाधड सूत्रसंचालन करणारी मुलगी सांगते, "सर, मी मागच्या बाकावर बसते." कबड्डीच्या संघाचा कप्तान सांगतो, "लेक्चर करतो आणि घरी येतो."

कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. "तिथे सगळे मराठीत नाहीतर इंग्रजीत बोलतात, सर. आपण बोललो तर हसतील."

आमची शाळा उर्दू माध्यमाची. आम्ही तिथे उर्दूही शिकवतो आणि मराठीही. त्यामुळे हे उत्तर आम्हाला फार लागते. मराठीच्या पेपरात ऐंशी-पंच्याऐंशी गुण मिळवणारी मुले चार लोकांत मराठी बोलायला घाबरत असतील, तर चूक कुठेतरी आमचीही आहे. आम्ही निबंध लिहून घेतले, पत्रलेखन पाठ करून घेतले, पण उभे राहून बोलायला किती वेळा लावले? आणि मॉनिटर नेमताना काय केले? पहिला नंबर पाहून नेमला आणि त्याला काम दिले फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिण्याचे. इतरांना गप्प बसवतो तो पुढारी, असे आम्हीच शिकवले आणि आता कॉलेजात आमची मुले गप्प बसतात म्हणून खंत करतो.

ही कबुली आधीच दिली, कारण पुढची हकिकत अशाच एका मागच्या बाकावरच्या मुलीची आहे.

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटरवर. दुपारचे प्रॅक्टिकल संपायचे सव्वापाचला आणि गावाकडची बस सुटायची पाचला. त्यानंतरची बस सव्वासातची. हिवाळ्यात ती गावच्या फाट्यावर उतरवायची तेव्हा मिट्ट काळोख असायचा. घरची माणसे पहिला आठवडा फाट्यावर घ्यायला आली, दुसरा आठवडा कुरकुरली आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "प्रॅक्टिकल सोडून पाचच्या गाडीने ये." आता विज्ञान शाखेत प्रॅक्टिकल सोडले की जर्नल अपुरे राहते, जर्नलवर सही झाली नाही की परीक्षेला बसणे अवघड. तिच्या ओळखीच्या दोन मुलींनी तर कॉलेजात येणेच थांबवले होते. एकीच्या घरी लग्नाची बोलणीही सुरू झाली होती.

एका रविवारी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, डेपोत तुमची कुणाशी ओळख आहे का?"

खरे सांगतो, आमचा हात मोबाइलकडे गेला होता. एका पालकांची तिथे ओळख आहे, हे आम्हाला ठाऊक होते. पण मनात आले, ओळखीने गाडी चार दिवस थांबेल, पाचव्या दिवशी पुन्हा वेळेवर सुटेल. आणि या मुलीला आयुष्यभर ओळखीची माणसे शोधत फिरावे लागेल. म्हणून मोबाइल खाली ठेवला आणि तिला विचारले, "ही गाडी तुझी एकटीची चुकते का?"

"नाही सर, पुष्कळांची चुकते."

"पुष्कळांची म्हणजे किती जणांची?"

तिला सांगता आले नाही. आम्ही एक कोरी वही तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "आधी हे शोधून काढ. मग ये."

चार दिवसांनी ती आली. वहीत रकाने आखलेले होते. नाव, गाव, वर्ग, प्रॅक्टिकलचा वार, सुटण्याची वेळ, पास आहे की नाही. पाच गावांची एकोणीस नावे होती. त्यात अकरा मुली आणि आठ मुलगे. आम्हाला वाटले होते, ही आपल्या मैत्रिणींचीच यादी आणेल. विचारले तर म्हणाली, "सर, मुलग्यांचीही गाडी चुकते. शेतकऱ्यांची मुले आहेत, घरी जाऊन त्यांना धार काढायची असते." त्या आठांपैकी एकाशीही ती दीड वर्षात बोललेली नव्हती. ही यादी करताना ती पहिल्यांदा बोलली, तीही मराठीतच आणि कुणी हसले नाही.

मग अर्ज. पहिला मसुदा पानभर होता. अर्धे पान आदरार्थी शब्दांचे, अर्धे गाऱ्हाण्यांचे. मागणी कुठे आहे, हे शोधावे लागत होते. आम्ही एवढेच सांगितले की वाचणाऱ्याला दोन मिनिटांत पाच गोष्टी कळल्या पाहिजेत: आम्ही कोण, किती जण, कोणती गाडी, अडचण काय आणि आम्हाला नेमके काय हवे. तिने तीनदा लिहिला. तिसरा मसुदा दहा ओळींचा झाला. शुद्धलेखन तिने वर्गातल्या एका मराठी माध्यमाच्या मैत्रिणीकडून तपासून घेतले. 'विद्यार्थिनी' या शब्दातली वेलांटी चुकली होती. ती आमच्याकडून तपासून घेऊ शकली असती, पण मैत्रिणीकडे गेली, याचा आम्हाला जास्त आनंद झाला. मदत मागायला जो लाजत नाही, त्याच्याभोवतीच माणसे जमतात.

एकोणीस सह्या, प्राचार्यांचे शिफारसपत्र आणि तिघे जण डेपोत गेले. ती, ती मैत्रीण आणि शेजारच्या गावचा एक मुलगा. साहेबांनी ऐकून घेतले आणि अडचण सांगितली. हीच गाडी परत येऊन पुढे दुसऱ्या गावाला मुक्कामी जाते, ती अर्धा तास उशिरा सोडली तर तिकडचे प्रवासी ताटकळतील. तिघांचे चेहरे पडले. पण निघता निघता आमच्या विद्यार्थिनीने विचारले, "साहेब, अर्धा तास नको. किती मिनिटे शक्य आहेत?" साहेब म्हणाले, "फार तर पंधरा."

पंधरा मिनिटांनी काम होत नव्हते. सव्वापाचला प्रॅक्टिकल संपणार, सव्वापाचलाच गाडी सुटणार आणि कॉलेजपासून स्टँड दहा मिनिटांच्या वाटेवर. मग ते तिघे विभागप्रमुखांकडे गेले आणि विनंती केली की दुपारच्या सुटीतली पंधरा मिनिटे कमी करून आमची बॅच लवकर सुरू करा. सुटी कमी करायची तर त्या बॅचमधल्या सगळ्यांची संमती हवी होती. स्टँडवर न जाणाऱ्या, तालुक्याच्याच गावात राहणाऱ्या मुलांना तिने विचारले. दोघांनी आढेवेढे घेतले, बाकीच्यांनी होकार दिला. आढेवेढे घेणाऱ्यांशी ती पुन्हा बोलली. आपल्या घरात आपण याला मश्वरा म्हणतो.

त्यानंतर दोन आठवडे काहीच झाले नाही. ती अर्जाची पोच घेऊन पुन्हा डेपोत गेली. पोच घेतली पाहिजे, तिच्यावर शिक्का आणि तारीख पाहिजे, हे तिला आम्ही सांगितले होते. आठवडाभराने गाडी सव्वापाचला सुटू लागली आणि प्रॅक्टिकल पाचला संपू लागले.

कॉलेज सोडलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरीचे लग्न तोवर ठरून गेले होते. ही बातमी सांगताना आमची विद्यार्थिनी रडली. म्हणाली, "सर, मी दोन महिने आधी बोलायला हवं होतं. तेव्हाही मला सगळं माहीत होतं." आम्ही तिची समजूत घातली, पण तिचे म्हणणे खोडून काढले नाही. गप्प बसण्याची किंमत कधी कधी दुसरे कुणी मोजते, हे तिला विसाव्या वर्षी कळले. पुष्कळांना साठीतही कळत नाही.

एवढी लांबलचक हकिकत सांगण्याचे कारण असे की 'नेतृत्व' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर माईक येतो, हार येतात आणि चौकातला फ्लेक्स येतो. मागे एक मुलगा आम्हाला भेटला. एफ.वाय.ला होता. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, त्यावर पस्तीस मित्रांचे फोटो. आम्ही त्याला प्रेमानेच विचारले, "बेटा, या पस्तिसांपैकी किती जणांची फी भरायची राहिली आहे, माहीत आहे का?" तो ओशाळला. मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी दुसरा रस्ता दाखवलाच नव्हता.

'तालीम' या शब्दाची एक गंमत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानाचा आखाडा आणि नाटकाचा सरावही. कॉलेजची तीन-चार वर्षे या सगळ्या अर्थांनी तालीम आहेत. इथे चूक झाली तरी नोकरी जात नाही, संसार मोडत नाही. सराव करायचा तो इथेच. आणि त्यासाठी लागणारे आखाडे आपल्या कॉलेजांत तयार आहेत, फक्त आपली मुले तिकडे फिरकत नाहीत.

पहिला आखाडा राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एन.एस.एस.चा. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एका खेड्यात सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे. शिबिरात भोजन, स्वच्छता, श्रमदान, संध्याकाळचे कार्यक्रम अशा कामांसाठी गट पडतात आणि प्रत्येक गटाला प्रमुख लागतो. पन्नास माणसांना किती तांदूळ लागतो, भांडी घासायची पाळी कुणाची, रुसलेल्याला पंगतीत कसे आणायचे, हे तिथे जे कळते ते कोणत्याही व्याख्यानात कळत नाही.

दुसरा आखाडा एन.सी.सी.चा. ती १९४८ साली सुरू झाली. मुलींसाठीही तिची दारे उघडी आहेत. आधी हुकूम पाळायला शिकायचे आणि मग द्यायला, हा तिथला क्रम आम्हाला आवडतो. तिथली 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रे सैन्यातल्या भरतीसाठी उपयोगी पडतात, हा वेगळा फायदा.

तिसऱ्या आखाड्याची माहिती फारच थोड्यांना असते. कॉलेजच्या काही समित्यांवर विद्यार्थ्यांना जागा असते. २००९च्या यू.जी.सी. नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती हवी आणि तिच्यात नवे व जुने विद्यार्थी हवेत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यातही प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी बसतात. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तर महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असावेत, अशी तरतूद आहे. या खुर्च्यांवर कुणीतरी बसणारच. आपली मुले अर्जच करत नसतील, तर "आम्हाला कुणी विचारत नाही" असे म्हणण्यात अर्थ नाही.

यातले काही जमले नाही, तरी वर्गाची सहल आहे, ग्रंथालय आहे, भित्तिपत्रक आहे. उर्दू-मराठी दोन्ही येणाऱ्या मुलाला तर भित्तिपत्रकात केवढा वाव! एका भाषेतले चांगले दुसऱ्या भाषेत आणणारा विद्यार्थी दोन बाकांमधला पूल होतो.

काम मिळाल्यावर ते कसे करायचे, तेही थोडक्यात सांगतो. बैठक घ्यायची असेल तर विषय आदल्या दिवशी कळवावेत आणि ते तीनपेक्षा जास्त नसावेत. जो कधीच बोलत नाही त्याला आधी विचारावे. शेवटी कोण, काय, कधीपर्यंत करणार, हे मोठ्याने वाचून दाखवावे आणि वहीत लिहावे. वर्गणी गोळा केली तर पाच रुपयांचाही हिशेब त्याच आठवड्यात सर्वांना दाखवावा. पैसा ही अमानत आहे. पदही अमानत आहे आणि ज्यांनी विश्वासाने नाव लिहून दिले त्यांचा शब्दही. आणि आपली मुदत संपण्याआधी आपल्या जागेवर बसू शकेल असा एक जण तयार करून ठेवावा. आमच्या विद्यार्थिनीने ती वही आता एफ.वाय.च्या एका मुलीकडे दिली आहे.

श्रेयाचेही असेच आहे. गाडीची वेळ बदलल्यावर एका होतकरू पुढाऱ्याने निरोप पाठवला की 'प्रयत्नांना यश' असा फ्लेक्स लावू, तुम्ही फोटो द्या. तिने एकोणीस जणांना विचारले आणि सर्वांनी नकार दिला. वर्गात सरांनी तिचे कौतुक केले तेव्हा तिने उभे राहून मैत्रिणीचे, त्या मुलाचे आणि सुटी कमी करायला राजी झालेल्या बॅचचे नाव घेतले. डॉ. अब्दुल कलाम आपल्या गुरूंची एक आठवण भाषणांतून नेहमी सांगत. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३चे पहिले उड्डाण फसले. प्रकल्पाचे प्रमुख कलाम होते, पण पत्रकारांसमोर जाऊन अपयशाची जबाबदारी घेतली ती 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन यांनी. पुढच्या वर्षी १८ जुलैला उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवले.

आणि आपल्याच मुंबईचा एक तरुण आमच्या मुलांना माहीत असलाच पाहिजे. युसुफ मेहेरअली. जन्म १९०३. एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर. १९२८ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी मुंबईत युवकांची संघटना उभी केली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होते. होड्यांतून समुद्रात जाऊन निदर्शने करायची, असा या तरुणांचा बेत होता. तो सरकारला कळला. तेव्हा त्यांनी हमालांचे कपडे घातले, बंदरात शिरले आणि 'सायमन गो बॅक'ची घोषणा दिली. मार खाल्ला, पण घोषणा देशभर गेली. पुढे वकिलीची परीक्षा पास होऊनही सरकारने त्यांना वकिली करू दिली नाही. १९४२ साली ते तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदावर निवडून आले. 'भारत छोडो' या शब्दांचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. हा माणूस एका घराण्याचा किंवा एका मोहल्ल्याचा पुढारी नव्हता. साऱ्या मुंबईने त्याला आपला मानले. पहिला बेत फसल्यावर घरी न जाता दुसरा विचार करणे, हे आमच्या विद्यार्थिनीच्या "किती मिनिटे शक्य आहेत?" या प्रश्नाशी कुठेतरी जुळते, असे आम्हाला वाटते.

आता पालकांशी दोन शब्द. त्या मुलीचे अब्बा आम्हाला भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगी शिकते हेच पुष्कळ. हे पुढारपण कशाला?" त्यांची काळजी खोटी नव्हती. मुलगी डेपोत गेली, लोक काय म्हणतील, उद्या नाव निघाले तर? आम्ही त्यांना वही दाखवली. ते शिलाईकाम करतात, मापांची वही आयुष्यभर सांभाळलेली. त्यांनी रकाने पाहिले, पाने उलटली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिशेब चोख ठेवलाय." त्यानंतर एन.एस.एस.च्या शिबिराचा प्रश्न आला, तेव्हा ते स्वतः कॉलेजात गेले. सोबत कोणत्या मॅडम आहेत, मुली कुठे झोपणार, पोहोचल्यावर फोन कसा लागणार, हे सगळे विचारून आले आणि सही केली.

आम्ही पालकांना हेच सुचवतो. आंधळा होकार देऊ नका आणि आंधळा नकारही देऊ नका. जाऊन पाहा, विचारा, मग ठरवा. मुलगा असो वा मुलगी, घरातल्या एखाद्या खऱ्या निर्णयात त्याचे मत घ्या. लाइटबिल, बँकेचे काम, रेशन कार्डातली दुरुस्ती यांतले एखादे काम पूर्ण त्याच्यावर सोडा आणि चुकल्यास लगेच हातातून काढून घेऊ नका. आणि अभ्यास मागे पडतोय असे दिसले तर कानही जरूर धरा. हजेरी आणि निकाल सांभाळून जे होते तेवढेच नेतृत्व विद्यार्थ्याला शोभते.

मुलांनो, या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. एका वर्गात, एका तासाला, एक प्रश्न मोठ्याने विचारा. भाषा अडखळली तर अडखळू द्या. आणि एक कोरी वही घ्या. आपल्यासारखीच अडचण असलेली निदान पाच नावे तिच्यात लिहा, त्यांतली दोन नावे अशी हवीत ज्यांच्याशी तुम्ही आजवर बोललेला नाहीत.

आम्हीही गृहपाठ करतो आहोत. यंदा आमच्या वर्गात मॉनिटर दर महिन्याला बदलतो, आणि फळ्यावर नावे लिहायची ती प्रश्न विचारणाऱ्यांची. पहिल्या महिन्यात चार नावे आली. चार तर चार. सुरुवात झाली, अल्हम्दुलिल्लाह.